दोन मानांचा आलेख

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी जे काही शहाणपण सांगेन ते कुणी फार मनावर घेणार नाही. माझ्या मोजमापाच्या हौसेपायी माझ्या बायकोचा उजवा हात कायमचा जायची वेळ आलेली. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका. फळ्यावरचं तिचं अक्षर बघायला बाजूच्या वर्गातल्या बाई यायच्या. तो हात जायला निघाला होता, आणि मी रोज रात्री जेवताना, पानावर बसून, तिची तब्येत सुधारत असल्याची नोंद करत होतो.

ऐंशीचं दशक संपत आलेलं. आम्ही डोंबिवलीत राहायचो, तिसऱ्या मजल्यावर. घरात तीनच माणसं: मी, बायको आणि आई. मी ठाण्याला वर्तकनगरच्या बाजूला एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो. दिवसभर उभ्या बोर्डावर मान खाली घालून रेघा मारायच्या. त्यामुळे मला कुठलीही गोष्ट मोजल्याशिवाय पटत नाही. कुणी म्हणालं, आज उकडतंय, तर माझ्या तोंडून पहिलं निघणार, किती? बायको म्हणायची, तुमच्याशी साधं हवापाण्याचं बोलायचीही चोरी.

त्या वर्षी माझी मान धरली. एक-दोन दिवस धरते तशी नाही, चांगली चार-पाच महिने. मागे कुणी हाक मारली तर मी अख्खा वळायचो. त्याच सुमाराला बायकोचीही मान दुखायला लागली. तिचं म्हणणं, फळ्यावर वर बघून लिहून लिहून. म्हणजे बघा, एकाची मान खाली बघून गेली, दुसरीची वर बघून. आईला हे ऐकून हसू आलेलं. आई स्वतः मान जराशी उजवीकडे कलती ठेवून बोलायची. आम्हाला ती तिची ऐट वाटायची. नातेवाइकांत त्यावरून तिची थट्टाही व्हायची.

डॉक्टरांनी मला ठाण्यातल्या एका हॉस्पिटलच्या व्यायाम विभागात पाठवलं. तिथे एक तरुण मुलगी होती, कडक. आधी लाल दिव्याचा शेक. मग कपाळाला स्वतःचाच तळहात लावायचा, डोकं पुढे रेटायचं, हाताने अडवायचं, दहा आकडे मोजायचे. मग तसंच मागून, मग दोन्ही बाजूंनी. हनुवटी आत ओढायची. खांदे वर, खांदे खाली. मला हे एकदम पसंत पडलं. आकडे होते ना त्यात. किती वेळा, किती सेकंद, आठवड्याने किती वाढवायचं, सगळं कागदावर.

आता दुसरी बाजू. आमच्याकडे पश्चिमेला, खाडीच्या अंगाला, एक जुनं आगरी गावठाण होतं. तिथले एक काका अर्धं आयुष्य मालवाहू जहाजांवर काढून परत आलेले. जहाजावर एक म्हातारा चिनी स्वयंपाकी होता, त्याच्याकडून ते ची गाँग शिकले. निवृत्त झाल्यावर गावातल्या देवळासमोरच्या अंगणात रोज सकाळी सातला शिकवायचे, फुकट. आमच्या बिल्डिंगमध्ये त्याला नुसतं ‘चिनी व्यायाम’ म्हणायचे. मी एकदा जाऊन बघून आलेलो. दहा-बारा माणसं गुडघे जरासे वाकवून उभी, हात पुढे गोल केलेले, आणि हलत कुणीच नाही. पाच मिनिटं झाली तरी नाही. मग सगळ्यांचे हात वर जायला लागले, इतके सावकाश की मला वाटलं माझं घड्याळ बंद पडलं. मी काकांना विचारलं, किती वेळा करायचं हे? ते म्हणाले, मोजायचं नाही, श्वास पुरेल तेवढं. मी तिथूनच परतलो.

कारखान्याच्या कँटीनमध्ये यावरून माझा वाद झाला. एक सहकारी म्हणत होता, चिनी लोकांनी हजारो वर्षं केलंय, उगीच करतील का? मी म्हणत होतो, हजारो वर्षं काय वाट्टेल ते करतात लोक. वाद हातघाईवर आला तेव्हा मी जाहीर केलं की मी हे मोजूनच दाखवतो. घरात दोन दुखऱ्या माना आयत्या होत्या. एकीला हॉस्पिटलचा व्यायाम, एकीला चिनी. बारा आठवडे. रोज दुखण्याला शून्य ते दहा असा आकडा द्यायचा. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे आत्ताच्या आत्ता डॉक्टरला बोलवा.

बायकोला कुणी विचारलं? मी विचारलं, पण कसं, तर हातात नाणं घेऊन. छापा आला तर तू चिनी. छापा आला. ती म्हणाली, बरं.

ऑफिसातून मिलिमीटरचा आलेखाचा कागद आणला. खाली आठवडे, उभे आकडे. माझी रेघ निळी, तिची लाल. स्वयंपाकघराच्या दाराच्या आतल्या बाजूला तो टाचला, आणि दिवाळीची सुट्टी संपली त्या सोमवारी सुरुवात केली. माझा आकडा सात, तिचा सहा.

आता आकडा विचारायची वेळ. शास्त्रीय पद्धत म्हणजे रोज एकाच वेळी विचारलं पाहिजे. सकाळी तिची गडबड, दुपारी तिची शाळा, मी घरी यायचो साडेसहाला. दोघं एका जागी सापडणार ती जेवणाला. म्हणून मी जेवताना विचारायचं ठरवलं. माझं आणि आईचं पान आधी, ती वाढणार आणि मागाहून बसणार, ही आमच्या घरातली रीत. आईची आणखी एक रीत होती. पानावर दुखण्याखुपण्याचं बोलायचं नाही. अन्नाला लागतं म्हणायची. लग्न होऊन आल्या आल्या बायकोने एकदा वाढताना डोकं दुखतंय म्हटलेलं, तेव्हा आई काही बोलली नव्हती, फक्त हात धुऊन उठली होती. ते बायको विसरली नव्हती. मी विसरलो होतो. मी स्वतः पानावर बसून खुशाल सांगायचो, आज पाच, डावीकडे जरा जास्त, आणि आई बायकोला माझ्या पानात तूप वाढायला सांगायची. त्या नियमात मी बसत नव्हतो, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही.

तर मी विचारायचो, तुझी किती? आणि ती आमटी वाढता वाढता म्हणायची, बरंय. मी म्हणायचो, बरंय हा आकडा नाही. मग ती म्हणायची, घाला चार. मग तीन. नाताळ जवळ आला तेव्हा दोन.

लाल रेघ अशी खाली उतरत गेली की मीच चकित. माझी निळीही उतरत होती, पण सावकाश. सात, सहा, पाच, जरा वर, पुन्हा पाच. हॉस्पिटलमधली मुलगी माझ्यावर खूश होती. तिसऱ्या आठवड्यात तिने मला बजावलं की तीन महिने वजन उचलायचं नाही. बादली नाही, पिशवी नाही, काही नाही. मी शब्दन् शब्द पाळला. अहो, पाळण्यात मी पहिल्या नंबरचा.

बाराव्या आठवड्याला माझी निळी तीनवर आणि तिची लाल एकवर. मी हरलो होतो, पण काय छान हरलो होतो! कँटीनमध्ये जाऊन कबूल केलं. बिल्डिंगमध्ये प्रचार सुरू केला. माझ्या सांगण्यावरून सात माणसं चिनी व्यायामाला जायला लागली. बायकोला म्हटलं, तुझ्या मानेने माझे डोळे उघडले. ती पोळ्या लाटत होती. पोळपाटावर वाकून, डाव्या हाताने लाटणं जास्त दाबून. बघितलं मी ते. पण नोंद केली नाही.

रविवारी सकाळी मी आलेखाची गुंडाळी काखेत मारून काकांना भेटायला गेलो. बायको त्या दिवशी घरीच होती, पाहुणे यायचे होते. सगळे पांगल्यावर मी देवळाच्या पायरीवर कागद उलगडला. काकांनी चष्मा लावला. बोटाने लाल रेघ वरून खालपर्यंत चाचपली. मग विचारलं, लाल बाईंची? मी म्हटलं, हो.

“साहेब, ही रेघ कोनाची हाय ते मना ठाव नाय. बाईंची नाय. त्यांचा उजवा हात दीड महिना झाला, खांद्याच्या वर येत नाय.”

मला आधी वाटलं, म्हातारा काहीतरी घोटाळा करतोय, दुसऱ्याच बाईबद्दल बोलतोय. पण त्यांनी सगळं नीट सांगितलं. पहिले दोन आठवडे बाईंना चांगला उतार पडला. चेहऱ्यावरचा ताण गेला, खांदे सुटले. मग एकाएकी मान पुन्हा ताठली. मग हात. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट बधिर. काकांनी त्यांना दोनदा सांगितलं की मी श्वास शिकवतो, मी डॉक्टर नव्हे, हे डॉक्टरला दाखवा, घरी सांगा. बाई म्हणाल्या होत्या, सांगते.

घरापर्यंत मी कसा आलो ते आठवत नाही. आठवतो तो माझा राग. आणि लाज वाटते ती याची की तो राग तिच्या हातासाठी नव्हता, कागदासाठी होता. मी स्वयंपाकघरात शिरलो आणि ओरडलो की तू माझा आलेख खोटा केलास, बारा आठवडे वाया घालवलेस, मी लोकांना काय सांगू आता? आई देवघरात होती. तिची घंटा थांबली.

बायकोने गॅस बारीक केला. ती कधीच आवाज चढवत नाही, तेव्हाही चढवला नाही.

“तुम्ही विचारायचात तेव्हा माझ्या हातात आमटीची पळी असायची,” ती म्हणाली. “आणि समोर आई.”

मी म्हटलं, मग नंतर सांगायचंस. ती म्हणाली, नंतर तुम्ही विचारलं नाहीत. मग तिने माझ्या हातातली गुंडाळी घेतली, ओट्यावर पसरली आणि पेन्सिल मागितली. पेन्सिल उजव्या हातात धरली, डाव्या हाताने ते मनगट आवळलं आणि स्वतःची रेघ स्वतः काढायला लागली. तिला सगळं आठवत होतं, तारखांनी नाही, शाळेने. दिवाळीनंतरचा पहिला आठवडा, सहा. दुसरा, पाच. पाचचेही चार झाले होते दोन दिवस. सकाळचा तो अर्धा तास कुणी हाक मारत नाही, म्हणाली, तिथे उभं राहून इतकं बरं वाटायचं की घरी यावंसं वाटायचं नाही. तिसरा आठवडा, सहा. सहलीचा आठवडा, सात. स्नेहसंमेलनाच्या तालमी, आठ. त्याच आठवड्यात वर्गात पहिल्यांदा हातातून खडू पडला. मुलांना वाटलं बाईंनी मुद्दाम टाकला. संक्रांतीला हळदीकुंकवाचं बोट उचलताना बोटाला कुंकू लागलंय की नाही ते तिला बघावं लागलं. नऊ. तिचं अक्षर मी इतकं वाकडं कधी पाहिलेलं नाही. रेघ कागदाच्या चौकोनांतून वर निघाली आणि समासाला जाऊन लागली.

आता दोन रेघा समोरासमोर. माझी निळी आणि तिची पेन्सिलीची. मी रेघा वाचून पोट भरणारा माणूस. दोन्ही एकमेकींना छेदत होत्या. तिसऱ्या आठवड्यापासून माझी उतरते, तिची चढते. मी विचारणार होतो, तिसऱ्या आठवड्यात झालं काय? तेवढ्यात नजर ओट्याखालच्या हंड्यांवर गेली.

आमच्या मजल्यावर पाणी चढायचं नाही. सकाळी साडेपाच ते साडेसहा खालच्या नळाला यायचं. दहा हंडे लागायचे. पाच मी आणायचो, पाच ती. तिसऱ्या आठवड्यात मला वजन उचलायला बंदी झाली, आणि मी ती अक्षरशः पाळली. दहाच्या दहा हंडे ती चढवायची, तीन मजले, उजव्या खांद्यावर. आणि त्या वेळेला मी गादीवर बसून कपाळाला तळहात लावून दहा आकडे मोजत असायचो. पाणी हिंदकळल्याचा जिन्यातला आवाज मला मोजताना ऐकू यायचा. एकदा तर मी म्हणालोही होतो, जरा हळू, माझा आकडा चुकतो.

हे लिहिताना आजही मला स्वतःच्या कानाखाली मारावीशी वाटते.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन मी त्याच हॉस्पिटलमध्ये गेलो. आधी डॉक्टर, फोटो, मानेत शीर दबलेली. आणखी महिनाभर असंच चाललं असतं तर हातातली ताकद परत येण्याची खात्री नव्हती, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. मग व्यायाम विभाग. त्या कडक मुलीने बायकोला विचारलं, घरी काय काय उचलता? बायकोने माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, दहा हंडे. मुलीने कागदावर लिहायचं थांबवलं. मला म्हणाली, मी तुम्हाला वजन उचलू नका म्हटलं, तेव्हा ते वजन कोण उचलेल हे विचारायला मी चुकले. मला तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पट्टा, मान ताणायची वजनं, पूर्ण विश्रांती, मग अगदी हलके व्यायाम. शाळेतून रजा. पाणी मी आणायला लागलो. मुलीने मला उचलायचं कसं ते शिकवलं: हंडा अर्धाच भरायचा, अंगाशी धरायचा, फेऱ्या दुप्पट. माझी मान तीनवर होती ती तीनवरच राहिली, कधी चार. इतकंच. या इतक्यासाठी मी तिला तिथवर नेलं होतं.

हात परत आला. चार-पाच महिने लागले. आधी अंगठ्याला गरम-गार कळायला लागलं, मग चिमूट धरता आली, मग खडू. खांद्याच्या वर मात्र तो पुन्हा नीट कधी गेला नाही. शाळेत ती फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागात लिहायला लागली. मुख्याध्यापिकेने फळा खाली उतरवून देते म्हटलं, तर ही म्हणाली, नको, पहिलीच्या मुलांना हेच सोयीचं पडतं. अक्षर पूर्वीसारखं. हॉस्पिटलचे व्यायाम ती करायचीच, आणि काकांच्या अंगणातही जायला लागली. आता मीही जायचो, मागच्या ओळीत. मला तिथे उभं राहायला फार जड जायचं. काही न मोजता नुसतं उभं राहायचं म्हणजे माझ्यासारख्याला शिक्षाच.

लोक अजून विचारतात, मानेला काय चांगलं, ते चिनी की हॉस्पिटलचं? मी सांगतो, मला माहीत नाही, माझा प्रयोग फसला. एकाच घरात दोन माना, पण दोन्हींवर वजन सारखं कुठे होतं? आधी ते बघा, म्हणतो. लोकांना हे उत्तर आवडत नाही.

एक संध्याकाळ सांगायची राहिली. तिच्या उपचारांचा दुसरा आठवडा असेल. गळ्यात पट्टा, हाताने काही उचलायचं नाही, त्यामुळे लग्न झाल्यापासून पहिल्यांदा ती आमच्याबरोबर पानावर बसत होती. मी वाढतो म्हटलेलं, ते आईला पटलं नाही, मग आईच वाढायची, सत्तरीतली. मी पहिला घास घेतला आणि सवयीने तोंडातून गेलं, आज किती? गेलं आणि जीभ चावली. पानावर विचारलं होतं, आईसमोर, पुन्हा तेच.

बायकोने आईकडे बघितलं. मग मान तशीच पट्ट्यात ताठ ठेवून, स्पष्ट म्हणाली, “सहा.”

आईच्या हातात भाताचं भांडं होतं. ती थांबली. आता ही भांडं ठेवून हात धुवायला उठणार, असं मला वाटलं. घरात पहिल्यांदाच मी आईला घाबरलो होतो ते बायकोसाठी. आई उभीच राहिली, मान नेहमीसारखी उजवीकडे कलती.

“माझी आठ लिही,” ती म्हणाली. “कधीपासून ते विचारू नकोस, तुझा कागद पुरायचा नाही.”

आणि तिने सुनेच्या पानात भात वाढला.